लव्हाळा चिमटीत धरावा



पत्रिकेवर 'तलावकाठच्या वनस्पती' असं छापलंय. मी बोलणार आहे फक्त लव्हाळ्यावर. मागची रांग हसतेय, हसू द्या. दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणं लावाल ना? त्यातला नागरमोथा याच कुळातला.

लोक मला फोटो पाठवतात. हिरवं काहीतरी, मागे पाणी, खाली प्रश्न : "सर, हे कोणतं?" माझं म्हणणं एकच. लव्हाळा फोटोवरून ओळखू नये. उपटावा, चिमटीत फिरवावा आणि तो उभा होता तिथे पाणी किती होतं, ते सांगावं.

दांडा फिरवला की बहुधा तीन धारा बोटाला लागतात. गवताचा दांडा गोलसर, पेरांचा. याला फुलोऱ्यापर्यंत पेरच नाही. पानं तीन बाजूंना, गवताची दोन. एवढ्यावर कूळ कळतं, सायपरेसी. पण त्यात पाच हजारांवर जाती आहेत, तेव्हा टाळ्या इतक्यात नकोत.

पुढचं सगळं मातीखाली. लाखनीकडे धानाच्या एका बांधीत निंदण चाललं होतं. एक म्हातारी बाई उपटलेल्या मोथ्याचे दोन ढीग करत होती, नजर न टाकता. मी फुलोरा न्याहाळतोय तर म्हणते, "गाठ हाय का पाय आधी, बापू." गाठीचा मोथा बांधावर फेकला तर बांध त्याचाच होतो, म्हणून तो वेगळा. तिथून ती जावयावर आली, जावयावरून रोवणीच्या मजुरीवर... असो. घड्याळ बघणारे सकाळच्या पाळीचे दिसतात.

तर काळपट, सुवासिक गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या, फुलोरा तांबूस, जागा बांधाची किंवा ओलसर शेताची : नागरमोथा, सायपेरस रोटंडस. 1977 साली होल्म आणि सहकाऱ्यांनी जगातल्या तणांत त्यालाच सर्वांत वाईट ठरवलं. नुसत्या तंतुमुळ्या, फुलोरा पिवळसर, पाय बांधीच्या चिखलात : सायपेरस इरिया. फोटोत दोघे भाऊ दिसतात. तणनाशकाचं मला विचारू नका. कृषी खात्याची मंडळी समोर बसली आहेत, मला घरी जायचंय.

मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा, इतिहास तुम्हाला मी काय सांगायचा! फक्त उथळ पाण्यात उतरा. तिथे एक उभा असतो, एलिओकॅरिस डल्सिस. धारा नाहीत, पानं नावालाही नाहीत, गोल दांडा आणि टोकाला एकच कणीस. मग हा लव्हाळा कशावरून? दांडा दाबा, आतले आडवे पडदे कटकट मोडतात. याचीच लागवडीतली गाठ म्हणजे चिनी शिंगाडा. आपला शिंगाडा वेगळा, तो तरंगत्या वेलीचं काटेरी फळ. बाजारात गल्लत करून भांडू नका.

चिठ्ठी आली. दोन मिनिटं म्हणताहेत. लव्हाळ्याच्या फळाबद्दल राहिलंच, आणि खरी जात तर तिथेच ठरते : दाणा तीनधारी की चपटा, भिंगाखाली पाहावा लागतो. भिंग माझ्याकडे एकच आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूने रांगेत यावं. फोटो दाखवायला येणाऱ्यांनी रांग धरू नये.