काल कुठं होता?

(दहावी १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘नोकरीच्या गावी राहून तब्येत आणि स्वतःची प्रगती’. विषय ऐकून पाठीमागच्या रांगेत काही जण हसले, ते मी पाहिलं. हसणं बरोबरच आहे. शाळेच्या क्रीडा स्पर्धेत शंभर मीटरला मी कायम शेवटून दुसरा. शेवटचा कोण होता तोही आज इथंच बसलाय. हात वर करू नको बाबू, सगळ्यांना आठवतंय.

तेव्हा मी काही पैलवान म्हणून उभा नाही. नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेला विद्यार्थी म्हणून उभा आहे.

आपल्यातले निम्म्याहून जास्त जण मेहकर सोडून गेले. कोणी पुण्याला, कोणी संभाजीनगरला, कोणी सुरतेला, दोघं तर आखातात. मी चाकणला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गेली एकोणीस वर्षं आहे. बायको इकडे नोकरीला, मुलं आईबाबांजवळ, आणि मी तिघांच्या खोलीत. महिना-दीड महिन्याने रात्रीच्या ट्रॅव्हल्सने यायचं, दोन दिवस राहायचं आणि पुन्हा डबा बांधून निघायचं. हे तुमच्यातल्या अनेकांना सांगायची गरज नाही.

२०२२ च्या दिवाळीत मुलांना घेऊन लोणारला गेलो. आठवीत आपली सहल गेली होती, आठवतं? धारेजवळून विवरात धावत उतरलो होतो आणि वर येताना कोण आधी पोचतो याची पैज लागली होती. या खेपेला वर चढताना चार ठिकाणी बसलो. छाती भात्यासारखी चालत होती. माझी धाकटी, तेव्हा नऊ वर्षांची, मागे वळून म्हणाली, “बाबा, मी तुमची पिशवी घेऊ का?” मी दिली. ती पिशवी देताना जे वाटलं, ते एकोणीस वर्षांत कोणत्याही साहेबाच्या बोलण्याने वाटलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर काय केलं? जे सगळे करतात तेच. वर्षभराचे पैसे भरून जिम लावली. अकरा दिवस गेलो. मग रातपाळी लागली आणि जिम बंद. पुढे एप्रिलमध्ये कंपनीतर्फे तपासणी झाली. वजन ८८ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.२. डॉक्टर म्हणाले, ६.५ ला मधुमेह धरतात, तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात. आपल्या भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत असावी, हेही तेव्हाच कळलं.

मी खोलीवर येऊन विचार केला की हे झालं कसं. घरी असताना माझं वजन कधी वाढलं नाही. घरी मी कधी व्यायामही केला नव्हता. मग फरक कशाचा? फरक विचारणाऱ्याचा. घरी उशिरा उठलो तर आई विचारायची, “बरं नाही काय रे तुले?” दोन भाकरी कमी खाल्ल्या तरी विचारायची, चार जास्त खाल्ल्या तरी बोलायची. बाहेरगावी आपण दुपारी दोन वडापाव खाऊन झोपलो काय, रात्री बारापर्यंत मोबाइल बघत बसलो काय, विचारणारं कोणी नाही. कंपनी आपली हजेरी घेते, पण ती मशीनसमोरची. कार्ड टेकवलं, संपलं. नोकरीच्या गावी माणसाचं शरीर बेवारस होतं.

आणि मग मला आपले पी.टी.चे सर आठवले. सर, तुम्ही इथं बसला आहात म्हणून सांगतो. तुम्ही आम्हाला किती कवायत शिकवली ते आता आठवत नाही. पण एखाद्या दिवशी मुलगा प्रार्थनेला नसला की दुसऱ्या दिवशी तुम्ही मारायचे नाही, ओरडायचे नाही. जवळ येऊन एवढंच विचारायचे, “काल कुठं होता?” त्या प्रश्नाची इतकी भीती वाटायची की ताप असला तरी पोरं शाळेत यायची. आज कळतं, ती भीती नव्हती. आपण नसलो तर कोणाच्या तरी लक्षात येतं, याचा तो आधार होता.

जून २०२३ मध्ये, शाळा सुरू होतात त्याच आठवड्यात, मी शंभर पानी वही आणली. चार रकाने आखले. व्यायाम, जेवण, झोप, अभ्यास. रोज झोपण्यापूर्वी प्रत्येकापुढे ‘ह’ किंवा ‘गै’. हजर किंवा गैरहजर. बस, एवढंच.

आता त्यातून काय शिकलो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणाच्या उपयोगी पडेल.

पहिलं, व्यायामाला घड्याळाची वेळ लावू नका. आमची पाळी दर आठवड्याला बदलते. ‘रोज पहाटे पाचला’ म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात मोडणारच. मी ठरवलं, झोपेतून उठल्यावर चहाच्या आधी. मग ते उठणं सकाळी सहाचं असो की रातपाळीनंतरचं दुपारी दोनचं. पहिल्या दिवशी तीन सूर्यनमस्कार घातले आणि चौथ्याला हात थरथरले. आठवड्याला एक वाढवत बारावर नेले. दोन चटया मावतील एवढी जागा पुरते, पैसे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास भराभर चालणं. कंपनीची बस मी दोन थांबे आधी सोडायला लागलो, त्यात बरंचसं भागलं. साप्ताहिक सुट्टीला तळेगाव रस्त्यावरचा भंडारा डोंगर चढतो. तुकोबांची जागा आहे, मनालाही बरं वाटतं.

दुसरं, जेवण. मेसवाल्या काकूंना तेल कमी टाका म्हणून सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, बाकीचे चाळीस जण डबा बंद करतील. त्यांचंही खरं. मग मी माझ्या हातात होतं ते बदललं. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे. ते दोन चहांवर आणलं. पोळ्या पाचाच्या तीन केल्या. सोबत काकडी, वाटीभर दही आणि रात्री भिजवलेली मटकी किंवा हरभरे. घरून येताना फराळाच्या चिवड्याऐवजी ज्वारीचं पीठ आणतो. खोलीतल्या तिघांपैकी एकाला भाकरी थापता येते. तो मी नाही.

तिसरं, झोप. रातपाळी करून आल्यावर आधी झोप, मग व्यायाम. मी सुरुवातीला उलटं केलं आणि आठवडाभरात आजारी पडलो. खिडकीला जाड चादर, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि पाळी संपण्याआधीचे चार तास चहा नाही.

चौथा रकाना अभ्यासाचा. रोज अर्धा तास. कंपनीची ड्रॉइंग नीट वाचणं, संगणकावर एक्सेल, आणि इंग्रजीत चार ओळींची मेल. इंग्रजीच्या मॅडम, तुम्ही मला जे सात वेळा लिहायला लावलं होतं ते मी चाळिशीत पुन्हा लिहिलं. त्याचा फायदा असा झाला की यंदा मार्चमध्ये लाइनवरून मला गुणवत्ता तपासणी विभागात घेतलं.

उदाहरण मोठ्या माणसाचंही देतो. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे, आईवडील वीटभट्टीवर काम करणारे. तो बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला. शर्यतीचं गांभीर्याने धावणं त्याने नोकरीतच सुरू केलं. मधल्या काळात वजन वाढलं होतं, ते त्याने उतरवलं. २०१८ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ ला राष्ट्रकुलमध्ये रौप्य मिळवलं, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला. आपण त्याच्या जवळपासही नाही. पण घरापासून दूर असणं ही अडचण असते तशी सुरुवातही होऊ शकते, एवढं त्याच्याकडून घेता येतं.

आता जे सांगणार आहे, ते सांगावं की नाही याचा मी रात्रभर विचार केला.

सकाळी आपण ज्या मित्राला श्रद्धांजली वाहिली, तो दहावीत माझ्या बाकावर होता. तोही माझ्यासारखाच खोली करून राहायचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, “यार, दोन-तीन दिवसांपासून छातीत जळजळ होते, जिना चढलो की जास्त.” मी म्हणालो, “ॲसिडिटी असंल, गोळी घे.” आणि पुढे आम्ही कापसाच्या भावावर बोललो. तीन आठवड्यांनी ग्रुपवर निरोप आला.

व्यायाम केला असता तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येत नाही. पण माझ्याजवळ वही होती, मी रोज स्वतःची हजेरी घेत होतो आणि बाकावरच्या मित्राची घेतली नाही. त्यानंतर वहीत सलग नऊ दिवस ‘गै’ आहे. ती पानं मी फाडलेली नाहीत.

दहाव्या दिवशी आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. ती ठाण्याला परिचारिका आहे. ती म्हणाली, “मी वॉर्डात दर चार तासांनी पेशंटचा तक्ता भरते. माझा स्वतःचा बीपी मी दोन वर्षांत मोजला नाही.” त्या रात्री आम्ही पाच जणांनी ठरवलं. रोज रात्री एकमेकांना एकच शब्द पाठवायचा, ‘हजर’. सलग दोन दिवस कोणाचा शब्द आला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करायचा आणि विचारायचं, काल कुठं होता? तिने आम्हाला एक नियमही घालून दिला. चालताना-चढताना छातीत जळजळ किंवा दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर गोळी सुचवायची नाही. तडक दवाखाना आणि ईसीजी, नाहीतर १०८ ला फोन.

आज माझं वजन ७९ आहे. कंबर ९२, म्हणजे अजून नापासच, पण काठावर. साखर ५.८. यात चमत्कार काही नाही, सतरा महिने लागले.

यंदा श्रावणात गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतली, तेव्हा दोन दिवसांची रजा काढून आलो. शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव पालखीमागे चाललो. सोळा-सतरा किलोमीटर. धाकटी सोबत होती. शेवटच्या टप्प्यात तिचे पाय दुखायला लागले. मी म्हणालो, “आण, तुझी पिशवी मी घेतो.” तिला लोणार आठवलं की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही.

वारकरी पंढरपूरचं अंतर एका दिवसात कापत नाहीत. आजचा मुक्काम गाठायचा, एवढंच असतं. आपलंही तसंच.

शेवटी विनंती. आपल्या ग्रुपवर रोज शुभ सकाळच्या फुलांचे फोटो येतात. फुलं येऊ द्या. पण पाच-पाच जणांचे गट करून तो एक शब्दही सुरू करू. जे इथं गावात आहेत त्यांनीही यावं, कारण शेतात आणि दुकानात बसूनही माणूस स्वतःला विसरतो. नाव नोंदवायला वही मी सोबत आणली आहे, जेवणाच्या मांडवात दारापाशी ठेवतो. पहिलं पान कोरं ठेवलंय. सर, त्यावर तुमची सही हवी आहे.