सोलर पॅनेलचे भंगार : किंमत कामगाराने का मोजावी?

(रेल्वे कामगार मेळाव्यातील भाषण)



पेन्शन आणि ठेकेदारीवर सकाळपासून बरेच बोलून झाले. आम्ही जरा वेगळ्या प्रश्नाकडे तुमचे लक्ष वेधणार आहोत.

स्टेशनच्या छपरावर, फाटकाच्या गुमटीवर आता सोलर पॅनेल दिसतात. मध्य प्रदेशात बीना येथे २०२० साली रेल्वेच्या मोकळ्या जागेवर १.७ मेगावॉटचे सौर केंद्र उभे राहिले. त्याची वीज थेट ओव्हरहेड तारेला देण्याची सोय झाली. याचे आम्ही स्वागतच करतो. पण पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे. गारांनी किंवा वाहतुकीत फुटलेली त्याआधीच निकामी होतात. पुढे काय?

आपल्याकडे निकामी मालाचा रस्ता ठरलेला आहे : स्टोअर, भंगार, लिलाव. रुळाला ते चालते, पॅनेलला नाही. पॅनेलच्या वजनात बहुतांश काच असते. भोवती ॲल्युमिनियमची चौकट आणि आत सिलिकॉन, तांबे, किंचित चांदी, डाखातले शिसे. भंगार फोडणारा चौकट आणि तारा काढतो, कारण त्याचेच रोख पैसे मिळतात. बाकीचे उकिरड्यावर जाते, नाहीतर जाळले जाते. पाठीमागच्या प्लास्टिकमध्ये बहुधा फ्लोरीन असते, ते जळले की विषारी वायू सुटतो. शिवाय फुटलेले पॅनेलही उन्हात वीज देते, हे आपल्या इलेक्ट्रिक खात्यातील बंधूंना सांगायला नको.

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातील २०१० ची घटना आठवा. प्रयोगशाळेतले जुने यंत्र लिलावात गेले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होते. ते फोडताना कामगार आजारी पडले, एकाचा जीव गेला. पॅनेलमध्ये किरणोत्सर्ग नसतो, पण धडा तोच आहे. विकणारा मोकळा होतो आणि किंमत फोडणारा मोजतो.

कायदा नाही असे नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि सोलर पॅनेल त्यांत आले. त्यांनुसार उत्पादकांनी नोंदणी करायची आणि पॅनेलचा कचरा २०३४-३५ पर्यंत नीट साठवायचा आहे. हा माल सुटा करणाऱ्या कामगारांचे प्रशिक्षण, सुरक्षितता व आरोग्य पाहण्याची जबाबदारी राज्य सरकारांवर आहे. पण कागदावरचा नियम संघटनेच्या रेट्याशिवाय कामगारापर्यंत पोचत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. निकामी पॅनेल साध्या भंगारात विकू नयेत, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावेत.

२. नवे पॅनेल घेतानाच ते परत नेण्याची अट करारात घालावी.

३. पॅनेल उतरवणाऱ्या व फोडणाऱ्या प्रत्येकाला, ठेकेदाराच्या माणसालासुद्धा, हातमोजे, चष्मा, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी मिळावी.

भंगार फोडणारा आपल्या युनियनचा सभासद नसेल, पण तो आपला भाऊच आहे. प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील निकामी पॅनेलची यादी करावी आणि ती पुढच्या बैठकीत मांडावी. कामाला इथून सुरुवात करू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!