मनीचे अंगण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या पावसाळ्यात आमची मनी मोटारीखाली सापडली. धाकटी दोन दिवस जेवली नाही. नवे पिल्लू आणताना ठरवले, आधी कुंपण, मग मोकळीक.

परसात सहा फुटी खांब रोवून इंचभर भोकांची तारेची जाळी ठोकली. मांजर चढते, म्हणून वरूनही जाळी. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खाली फूटभर जाळी मातीत पुरली. दाराला कडी. आत सावली, पाणी, चढायला जुनी फळी. कण्हेर विषारी, ती उपटली.

शेजारच्या वहिनी हसल्या, "मांजराला पिंजरा?" म्हटले, "पोर रांगू लागले की दारात फळी लावतोच ना आपण?"

आता परसातल्या चिमण्याही निर्धास्त आहेत, नि मीही.