टिबुकलीचे घरटे
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेतला एक साधा कारकून. शिक्षण कला शाखेचे. मग पक्ष्यांविषयी बोलण्याचा याला अधिकार काय, असे आपणास वाटेल. अधिकार एवढाच की, माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती आपल्या हातून होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या काळात एका रविवारी आम्ही पंधरा-वीस जणांनी बोईसरजवळच्या एका गावतळ्यावर श्रमदान केले. प्लास्टिक, निर्माल्य, बाटल्या काढल्या. उत्साहाच्या भरात काठचे पाणकणीस आणि लव्हाळेही मुळासकट उपटले. तळे आरशासारखे दिसू लागले. पाण्यावर कुजक्या शेवाळाचा एक ढीग तरंगत होता, तोही मी काठीने ओढून काठावर टाकला. थोड्या वेळाने एक लहान मुलगा म्हणाला, "काका, यात अंडी आहेत." शेवाळ बाजूला केले तर खाली चार मळकट अंडी होती. हात लावला तर कोमट लागली. आम्ही तो ढीग परत पाण्यावर ठेवला, पण संध्याकाळपर्यंत पक्षी काही त्यावर आला नाही.

ते घरटे टिबुकलीचे होते. टिबुकली म्हणजे बदकाच्या पिलाएवढा, जवळजवळ बिनशेपटीचा पक्षी. आता दिसला म्हणेपर्यंत बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. त्याचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात. पोहायला ते उत्तम, पण जमिनीवर चालताना त्याची फार ओढाताण होते. म्हणून तो घरटे पाण्यावरच बांधतो. कुजकी पाने, शेवाळ जमवून तराफा करतो आणि तो उभ्या लव्हाळ्याला अडकवून ठेवतो. पावसाने पाणी चढले की घरटेही वर चढते. अंड्यांवरून उठताना मादी किंवा नर ती ओल्या पानांनी झाकून जातो. म्हणूनच आम्हाला तो कचरा वाटला! पिले बाहेर आली की आईबापांच्या पाठीवर बसून तळे हिंडतात. बेडकाची पिले, पाणकिडे, बारीक मासे हे त्यांचे अन्न.

पुढे कॅनडात राहणाऱ्या एका नातेवाइकाने मला तिथले एक डॉलरचे नाणे दिले. नाणी हाताळण्यात माझे आयुष्य गेले, पण त्यावरचा पाणपक्षी पाहून मी थबकलो. तो लून नावाचा पक्षी. १९८७ सालापासून तो त्या नाण्यावर आहे आणि लोक त्या नाण्याला लाडाने 'लूनी' म्हणतात. लून आपल्या टिबुकलीचा सख्खा नातेवाईक नव्हे, पण सवयी पुष्कळ सारख्या. पाय तसेच मागे, बुडी तशीच, पिलेही पाठीवर. तो मात्र घरटे अगदी काठाला लागून करतो. धरणाचे पाणी अचानक वाढले तर ते बुडते. मासेमारीच्या गळाला लावलेली शिशाची एखादी गोळी पोटात गेली, तरी एवढा मोठा पक्षी विषबाधेने मरतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९७५ पासून लोकांनी समिती नेमून त्याचे रक्षण चालविले आहे. घरट्यांसाठी तरंगते तराफे सोडले, शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणवली.

मित्रांनो, तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण घरटे ओळखायला श्रीमंती लागत नाही.

आपला भाग कारखान्यांचा. तारापूर औद्योगिक वसाहतीने अनेक घरांच्या चुली पेटविल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण खाड्यांची काय दशा झाली हे आपले मच्छीमार बांधव जाणतात. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला त्यासाठी २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जावे लागले. तो लढा मोठा आहे. गावतळ्याचा लढा छोटा, पण तो लढायला दुसरे कोणी येणार नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळले आहेत. म्हणजे अशा तळ्याला राखणदार फक्त गावच! आणि सुशोभीकरण म्हणून चारी बाजूंनी सिमेंटची भिंत बांधली, तर पाणी राहते, पण लव्हाळे जाते आणि त्याबरोबर टिबुकलीही जाते.

तळ्याचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. हक्क मिळाला की राखण्याची जबाबदारीही येते.

आपल्याच जिल्ह्यात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. तिथेच भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात हंस, चक्रवाक अशा पक्ष्यांना अभय दिले आहे. आणि ज्या भुशात जीव आहेत तो जाळू नये, अशी आज्ञाही आहे. हे वाचले तेव्हा मला तो शेवाळाचा ढीग आठवला. वर्षावासाचा नियम तरी का झाला? पावसाळ्यात भिक्खूंच्या पायाखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, म्हणून. त्याच वर्षावासात आम्ही ते घरटे मोडले.

म्हणून माझी विनंती थोडकीच आहे. श्रमदान जरूर करा, पण डिसेंबर ते मार्च या काळात. प्लास्टिक आणि जलपर्णी काढा. लव्हाळे व पाणकणीस मात्र किमान एका बाजूला तसेच राहू द्या. आणि हात घालण्यापूर्वी अर्धा तास काठावर शांत बसा. तळ्यात कोण राहते, ते आधी पाहा.

आम्ही आता तसेच करतो. त्या तळ्याच्या पूर्वेच्या काठाला लव्हाळे पुन्हा वाढले आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे एक टिबुकली दोन पिलांना पाठीवर घेऊन फिरताना मी स्वतः पाहिली. ती चार अंडी त्यामुळे परत येत नाहीत, हेही मला ठाऊक आहे.