टायरवरचा बाण

(पावसाळ्यापूर्वी मोटरसायकल पायलटांसाठी योजिलेल्या कार्यक्रमात एका मोटार वाहन निरीक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मृग नक्षत्र पंधरवड्यावर आले आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत आपल्या मागे बसणारा उतारू गाडीचा टायर पाहत नाही. तो पिवळा मडगार्ड पाहतो आणि विश्वासाने बसतो. म्हणून आज एका लहानशा खुणेविषयी, टायरच्या बाजूवर उमटविलेल्या बाणाविषयी, बोलावयाचे योजिले आहे.

काही काळापूर्वी तपासणीस आलेल्या एका मोटरसायकलीचा पुढचा टायर नवा कोरा, परंतु उलटा बसविलेला आढळला. मालक वीस वर्षांचे अनुभवी पायलट. ते म्हणाले, "साहेब, टायराला उलटसुलट कसले? गोल वस्तू ती." मला या उद्गाराचे नवल वाटले नाही. पूर्वी आपल्या गाड्यांच्या पुढच्या टायरवर बहुधा परिघाला समांतर रेघा असत. तो कसाही बसविला तरी सारखाच दिसे. त्या काळात ज्यांचा हात बसला, त्यांना बाण शोधण्याची सवय कशी असणार? आजची नक्षी मात्र तिरपी असते आणि बहुतेक टायरांना दिशा असते.

टायरवरील खाचा पकड वाढविण्यासाठी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. कोरड्या डांबरावर तो खरा नाही. शर्यतीच्या गाड्या कोरड्या धावपट्टीवर खाचाच नसलेले टायर वापरतात, कारण तेथे जितके रबर जमिनीला टेकेल तितके बरे. खाचांचे खरे काम पाण्याला वाट देणे हे होय. मोटरसायकलीच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. तेवढ्या जागेतील पाणी क्षणार्धात बाजूला सरले नाही, तर रबर व रस्ता यांची भेटच होत नाही.

आता एक गोष्ट पुष्कळांना चकविते. मागच्या टायरच्या खाचा एका दिशेने झुकलेल्या, तर पुढच्याच्या नेमक्या उलट, असे अनेक गाड्यांवर दिसते. ही कारखान्याची चूक नव्हे. मागचे चाक इंजिनाच्या जोराने जमिनीला मागे रेटते. पुढच्या चाकावर मोठा ताण येतो तो ब्रेक दाबल्यावर, आणि तो विरुद्ध दिशेचा असतो. शिवाय टायरच्या माथ्यावरील रबर ही मुळात एक पट्टी. अनेक टायरांत तिची दोन टोके तिरपी कापून एकावर एक जोडलेली असतात. ताणाने तो सांधा दाबला जावा, उचकटू नये, हेही बाणाची दिशा ठरविताना पाहिले जाते. म्हणूनच काही टायरांवर दोन बाण असतात: पुढच्या चाकासाठी एक, मागच्यासाठी दुसरा, परस्परविरुद्ध. तेव्हा नक्षी पाहून अंदाज बांधू नये, बाण वाचावा.

तो वाचण्याचीही एक रीत आहे. गाडी पुढे जाताना चाकाचा वरचा भाग पुढे सरकतो, खालचा मागे. बाण चाकाच्या वरच्या टोकाला आणून पाहावा; तेथे तो हेडलाइटच्या दिशेला असला पाहिजे. खाली बसून जमिनीजवळचा बाण पाहणारा हमखास फसतो.

ट्यूबच्या टायरचे साधे पंक्चर काढताना बहुधा टायरची एकच कड उघडतात, त्यामुळे दिशा बदलत नाही. चूक होते ती नवा टायर चढविताना किंवा रिम सरळ करून घेताना. ड्रम ब्रेकचे चाक फोर्कमध्ये एकाच बाजूने बसते. रिमवर टायर उलटा चढला की तो उलटाच फिरणार. दुकानातून निघण्यापूर्वी पाहिले तर काम दहा मिनिटांचे. नंतर कोणी परत जात नाही, हा माझा अनुभव.

उलटा टायर त्याच दिवशी आपणांस पाडील, असे सांगून मी आपणांस भिववू इच्छित नाही. सरळ बसविलेल्या गोटा टायरपेक्षा उलटा बसविलेला चांगला टायर मी पत्करीन. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. माझ्या मते पावसाळ्यात त्या मर्यादेची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. आणि फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर किंवा शेवाळलेल्या धक्क्यावर कोणतीच नक्षी कामास येत नाही. तेथे उतारूस खाली उतरवावे. तो कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

आता आपण बाहेर आवारात जाऊ. तेथे आपल्या गाड्या उभ्या आहेत. प्रत्येकाने आपला बाण स्वतः शोधावा. ज्यांस सापडणार नाही त्यांनी मला हाक मारावी.