समुद्रावर जाताना पिशवीत काय भरायचं?

आमच्या गटाच्या चौदा जणी दोन रात्रींसाठी मालवणजवळ तारकर्लीला निघालो आहोत. राहणं, चहा-नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण एकाच रकमेत ठरलंय. म्हणजे शिदोरी नको, भांडी नकोत. राहिले कपडे. बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा त्यावरच झाली.

जरीकाठाच्या साड्या घरीच ठेवायच्या. काठात वाळू शिरते, खाऱ्या पाण्यानं जर काळी पडते. सुती साडी भिजली की जड होते, दमट हवेत लवकर वाळत नाही आणि लाटेत पायात गुंतते. नऊवारीचंही तेच. म्हणून पाण्यात जाताना पंजाबी ड्रेस, तोही ओढणीशिवाय. "सुना घालतील, आम्ही कसं घालायचं?" असं काही जणी म्हणाल्या. मग ठरलं, सासू असो की सून, सगळ्यांनीच घालायचा. कोण कुणाला हसणार?

प्रत्येकीनं घ्यायचं ते असं: पाण्यासाठी एक ड्रेस, दोन सिंथेटिक साड्या, एक गाऊन, टॉवेल, रबरी चप्पल, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी. आतले कपडे दोन जोड जास्त घ्या. ओल्या, खारट कपड्यांत बसून राहिलं की मांड्या सोलवटतात. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅडही. सोनं घरी ठेवा, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत पुरे.

बाहेर आल्यावर कपडे गोड्या पाण्यातून काढा. आणि ड्रेस सुटसुटीत असला तरी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. चौदा जणी जाणार, चौदा जणी परत येणार.