सीमेपलीकडे जाणारे काम आणि कामगार संघटना

एखादे काम दुसऱ्या कंपनीकडे सोपविणे म्हणजे आऊटसोर्सिंग. काम देशाबाहेर नेणे, मग ते स्वतःच्याच परदेशी शाखेकडे का असेना, म्हणजे ऑफशोअरिंग. उत्तरपत्रिकांत या दोन संज्ञांची गल्लत हमखास होते. कामगार संघटनांना मात्र हा भेद चांगलाच जाणवतो. काम सीमेपलीकडे गेले की त्यांचा कायदा आणि त्यांचे सभासद, दोन्ही अलीकडेच राहतात.

अमेरिकेतील संघटनांनी प्रथम विधिमंडळाचा मार्ग धरला. न्यू जर्सी राज्याच्या कल्याण योजनांतील लाभार्थींच्या दूरध्वनींना २००२ मध्ये मुंबईतून उत्तरे दिली जात होती. ज्या लाभार्थींनी नोकरी शोधावी अशी शासनाची अपेक्षा, त्यांच्याच मदतीच्या नोकऱ्या परदेशी गेल्या, ही विसंगती मतदारांना समजावून सांगावी लागली नाही. राज्याने जादा खर्च सोसून ते काम परत आणले. सिनेटर शर्ली टर्नर यांनी आणलेल्या विधेयकाचे २००५ मध्ये कायद्यात रूपांतर झाले. परंतु असा कायदा केवळ शासकीय कंत्राटांना लागू होतो; खासगी कंपन्या त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

दुसरी मागणी पुनर्वसनाची होती. परदेशी व्यापारामुळे रोजगार गमावलेल्यांना प्रशिक्षण व निर्वाहभत्ता देण्याची योजना अमेरिकेत १९६२ च्या व्यापार कायद्यापासून होती. तीत अट अशी, की कामगार एखाद्या ‘वस्तू’च्या उत्पादनात असावा. पोलाद ही वस्तू. संगणक प्रणाली वस्तू की सेवा? या एका शब्दापायी अनेक प्रोग्रामरांचे अर्ज फेटाळले गेले. न्यायालयीन लढ्यांनंतर २००६ मध्ये श्रम विभागाने आपली भूमिका बदलली आणि २००९ मध्ये सेवाक्षेत्राचा योजनेत समावेश झाला. पुढे मुदतवाढ न मिळाल्याने जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले.

काम जेथे पोहोचले, तेथेही हालचाल सुरू झाली. सेवाक्षेत्रातील संघटनांच्या ‘युनि’ या जागतिक महासंघाच्या पाठबळावर २००५ मध्ये बंगळुरूत ‘युनाइट्स’ ही संघटना स्थापन झाली. रात्रपाळीतील महिलांची सुरक्षित ने-आण हा तिने हाती घेतलेला एक प्रश्न. सभासद मिळविणे मात्र कठीण होते. सहा महिन्यांत नोकरी बदलू पाहणारा तरुण वर्गणी कशासाठी भरणार?

या दोन टोकांची भेट २०१६ मध्ये घडली. व्हेरायझन या दूरसंचार कंपनीतील सुमारे ४० हजार कामगार १३ एप्रिलपासून संपावर गेले. कॉल सेंटरचे काम फिलिपिन्सला जाणे हा वादाचा एक मुद्दा होता. संपकाळात ‘कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेचे शिष्टमंडळ थेट मनिलात गेले. हेच काम ताशी दोन डॉलरहून कमी वेतनात होत असल्याचे तेथील कर्मचाऱ्यांनी त्यांना सांगितले. ‘परदेशी कामगार आपली नोकरी पळवितो’ ही भाषा त्या भेटीनंतर वापरणे अवघडच होते. कोणत्याही कायद्यापेक्षा संपाचे फळ अधिक ठोस निघाले: नव्या करारात अमेरिकेतील कॉल सेंटरांमध्ये १,३०० नव्या नोकऱ्यांची हमी मिळाली व १ जूनला कामगार कामावर परतले. मनिलातील कर्मचारी त्या कराराचे पक्षकार नव्हते. त्यांच्या वेतनाचा प्रश्न तेथील कायद्यावर आणि त्यांच्या स्वतःच्या संघटनशक्तीवर अवलंबून राहिला.